मोरदरा

उरण,
१ मार्च १९४६

मोहियोद्दीन,

तुला पत्र लिहायचं म्हणजे मी एरवी रविवार बघतो, दौत भरून घेतो आणि दोन तास बसतो. आज तसं काही नाही. उभ्याउभ्या लिहितो आहे.

मुंबईत आरमारातल्या पोरांनी संप केला, जहाजांवरचे बावटे उतरवले, हे तू नगरच्या पेपरात वाचलंच असशील. आमचा भीमा त्यात होता. मला आधी ठाऊक नव्हतं. तोफखान्याच्या जहाजावर नाही, बराकीत तारायंत्रावर बसतो, एवढंच त्यानं कळवलं होतं. इथल्या धक्क्यावरून पलीकडे मुंबईचं बंदर दिसतं. ज्या दिवशी गोळीबार झाला, त्या दिवशी आमच्या मिठागराच्या हपिसातले सगळे जण मिठाच्या राशींवर चढून तिकडे बघत होते. मीही चढलो होतो. त्या आवाजात माझा भाऊ आहे हे मी कोणाला बोललो नाही.

संप मिटल्यावर लाँचनं मुंबईला गेलो. बराकीच्या फाटकावरून मला हुसकून लावलं. बाहेर चहाच्या दुकानात एक मद्रासी पोरगा भेटला, तो भीमाच्याच खोलीतला. त्यानं सांगितलं की गोळ्या सुरू झाल्यावर भीमा मागच्या भिंतीवर चढला आणि समुद्राच्या बाजूला उडी टाकली. पुढचं त्यानं पाहिलं नाही.

त्याला पोहता येतं. आपल्या गावच्या विहिरीत येतं तेवढं.

तो गावाकडे आला आहे का? पहिलीपासून चौथीपर्यंत तू त्याला शिकवलंस, माझ्यापेक्षा तो तुझंच जास्त ऐकतो. आला असेल तर तुझ्याकडेच येईल. वडील गेल्यावर मी त्याला लहानाचा मोठा केला, पण रागावलो की तो तुझ्या ओसरीवर जाऊन झोपायचा हे मी विसरलेलो नाही.

आईला इतक्यात काही बोलू नको. आणि जपून लिही. माझी नोकरी सरकारी, पत्रं हेडक्लार्कांच्या टेबलावरून माझ्याकडे येतात. कधीकधी फोडलेली येतात.

तुझा
राधाकृष्ण


निंबोणी,
९ मार्च १९४६

राधाकृष्ण यास मोहियोद्दीनचा सलाम.

पत्र पोचलं. जपून लिही म्हणालास, म्हणून थोडक्यात लिहितो.

भीमा दर्यात आहे. माझी पक्की खात्री झाल्यावरच लिहितो आहे. तिथे आता त्याला कोणी हात लावू शकत नाही. तू त्याचा शोध करू नको, मुंबईला जाऊन विचारपूस करू नको. त्यातून चांगलं काही निघणार नाही.

मावशींना सांगितलेलं नाही. सांगायला जीभ रेटत नाही. कळलं तर त्या सारं गाव गोळा करतील. परवाच फौजदार येऊन गेले, चावडीत बसले होते.

मन घट्ट कर. अल्ला जे करतो ते पाहून करतो. अम्मी तुम्हा दोघांसाठी दुवा मागते आहे.

मोहियोद्दीन


उरण,
२३ मार्च १९४६

मोहियोद्दीन,

तुझं पत्र तेरा तारखेला हातात पडलं. हेडक्लार्कांनी ते वाचलं होतं, कारण देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

‘भीमा दर्यात आहे.’ तुझ्यासारख्या जपून बोलणाऱ्या माणसानं पक्की खात्री झाली म्हटल्यावर मी काय विचारणार? कोणीतरी परत आलेल्या पोरानं तुला सांगितलं असेल. शोध करू नको असं तू लिहिलंस, पण मला ते जमलं नाही. इथल्या एका कोळ्याला हात जोडले. म्हातारा नाखवा आहे, त्याचा स्वतःचा मुलगा असाच गेलेला. त्यानं विचारलं, "अंगावर काय व्हतं?" मी म्हणालो, पांढरे कपडे. तो म्हणाला, "पांढरा लांबून दिसतं, बरा हाय." आम्ही होडी घेऊन घारापुरीच्या मागच्या बाजूपर्यंत फिरलो. पांढरं दिसलं की मी होडी तिकडे वळवायला लावायचो. एकदा तो फाटका शिडाचा तुकडा होता, एकदा बगळे. काहीच मिळालं नाही. परतताना नाखवा म्हणाला, दर्या ठेवून घेतो तेव्हा सांगत नाही.

काल दहावा केला. देह नव्हता, म्हणून भटजी आधी तयार नव्हते, मग दर्भाची आकृती करून उरकलं. पिंडाला कावळा शिवेना. दुपारपर्यंत मी वाळूत उभा होतो. त्याची काय इच्छा राहिली असेल ती एकेक बोललो. तुझं लग्न केलं नाही रे. तुला शेताचा वाटा देतो. आरमारात जायला नको म्हणालो होतो, ते मागे घेतो. आईला सांभाळीन. तरी कावळा येईना. शेवटी तुझ्या वहिनीनं, रतननं, दर्भाचाच कावळा करून शिववला. तिनंच मला हाताला धरून घरी आणलं.

मोहियोद्दीन, आईला मला सांगता येणार नाही. समोर उभं राहायचीही ताकद नाही. राहुरीला गहिनीनाथ मामांना याच टपालानं पत्र टाकलं आहे. ते मामींना घेऊन निंबोणीला येतील आणि तिला सांगतील. तू त्या वेळी जवळ राहा. ती तुझा हात धरून बसेल तर सोडवून घेऊ नको. रजा मिळाली की मी येतोच.

भीमा पाण्याला भीत नव्हता, एवढंच मनाला सांगतो आहे.

राधाकृष्ण


निंबोणी,
२९ मार्च १९४६

राधाकृष्णा,

भीमा जिवंत आहे. काल नगरला जाऊन तुला तार केली, ती एव्हाना मिळाली असेल. तरी पत्रातही आधी हेच लिहितो, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील. भीमा जिवंत आहे, धडधाकट आहे, या घटकेला तुमच्या ओसरीवर बसून शेंगा फोडतो आहे.

तो समुद्रात गेला असं मी लिहिलं नव्हतं. तो मोरदऱ्यात होता. आपला मोरदरा, वरच्या माळाच्या पलीकडचा, जिथं आपण करवंदं खायला जायचो. तू जपून लिही म्हणालास म्हणून मी ‘मोर’ गाळला आणि नुसतं दऱ्यात आहे असं लिहिलं. तुला एका शब्दात कळेल असं वाटलं. तुझ्या पत्रातला तो शब्द मी पाहिला तेव्हा कळलं, माझ्या हातून काय लिहिलं गेलं. ‘य’च्या कडेला आडवी रेघ जोडायची, ती सोडून मी ‘य’च्या डोक्यावर रफार ठेवला. पोरांच्या पाट्यांवर मी हीच चूक रोज खोडतो.

आता झालं ते सांगतो.

तुझं पत्र परवा शाळेत मिळालं. ‘काल दहावा केला’ वाचलं आणि मला काही उमगेना. वाटलं, तुझं डोकं फिरलं. कारण त्याच सकाळी आमचे गनीभाई शेळ्या घेऊन दऱ्याकडे निघाले, तेव्हा भीमाचा आदल्या दिवशीचा निरोप अम्मीला सांगत होते, की ठेचा जरा अजून तिखट चालेल. महिनाभर अम्मीच त्याच्या भाकऱ्या थापत होती आणि गनीभाई पोचवत होते. तिघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

पत्र पुन्हा वाचतो तोच तुमच्या आळीतून रडण्याचा आवाज आला. मामांची गाडी पोचली होती. लंकाबाई मामींनी वेशीपासूनच गळा काढला होता. मी वर्ग तसाच सोडून धावलो. जाईपर्यंत अर्धं गाव अंगणात.

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या, पुढ्यात सूप, सुपात हुलगे. रडत नव्हत्या. मामा खाली मान घालून उभे. मावशींनी विचारलं, "कोन म्हनलं?"

मामा म्हणाले, "राधाकिसनाचं पत्र हाय, आक्का."

"आन त्येला कोन म्हनलं?"

"मास्तरनी ल्हिवलं हुतं म्हनं."

सगळे माझ्याकडे वळले. मावशींनीही पाहिलं. राधाकृष्णा, तसं कोणी माझ्याकडे आजवर पाहिलेलं नाही.

"मास्तर, तुमी ल्हिवलं?"

"व्हय मावशी. पण तसं नाही लिहिलं."

"मग कसं ल्हिवलं?"

समोर पाटील उभे होते. कुलकर्णी होते. भीमा माझ्याकडे आला त्या दिवशी मी त्याला कुराणावर हात ठेवून शब्द दिला होता, की कोणाला सांगणार नाही. सांगावं तर पोरगं पोलिसांच्या हाती जातं. न सांगावं तर ही माउली इथंच उंबऱ्यात संपते. मला निवडायला फार वेळ लागला असं लोक म्हणतात. मला तर वाटतं मी लगेच बोललो. मी म्हणालो, "भीमा जिता आहे. मोरदऱ्यात आहे. माझ्या घरच्या भाकरीवर आहे. मी दरा लिहिला, राधाकृष्णनं समुद्र वाचला."

 लंकाबाई मामींचा पदर तोंडातच राहिला. मावशी उठल्या. सूप बाजूला ठेवलं, हुलगे सांडू दिले नाहीत, आणि अनवाणी चालू लागल्या. कोणाला या म्हणाल्या नाहीत.

मी पाटलांपुढे उभा राहिलो. म्हणालो, "पाटील, धरायचं तर मला धरा. त्याला मी लपवला."

पाटील बुचकळ्यात पडले. म्हणाले, "एवढा बाप्या गडी म्हैनाभर दऱ्यात ठिवलाय कशापायी?"

"फौजदार आले होते ना त्याला शोधायला."

"फौजदार व्हय? आरं मास्तर, ते सरकारी लेव्हीच्या ज्वारीसाठी आलं हुतं. कुनाच्या कनगीत किती हाय ते बगायला. भीमाचं नाव बी न्हाई काडलं त्येंनी."

त्यावर कोण आधी हसलं ते सांगता येत नाही. बहुतेक मामाच. रडायला आलेली माणसं हसायला लागली की थांबत नाहीत. मला मात्र हसू येईना, मी तुमच्या जात्याजवळ बसून घेतलं.

थोड्या वेळानं आम्ही सगळे दऱ्याकडे गेलो. मावशी वरच्या कातळावर उभ्या राहून हाका मारत होत्या, "भीम्या, ए भीम्या, वर ये." दरा चिंचोळा, हाक या कड्यावर आपटून त्या कड्यावर जाते. खालून भीमानं ऐकलं ते असं की चारी बाजूंनी आई हाका मारते आहे. तो करवंदीच्या जाळीतून बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगावर गनीभाईंची बंडी. वर चढून आला तेव्हा मावशींनी आधी त्याला एक मुस्काटात दिली. मग धरलं, ते सोडलंच नाही. घरी येईपर्यंत त्याची बंडी त्यांच्या मुठीत होती.

सुतक घेऊन आलेले मामा-मामी आज पुरणपोळी खाऊन जाणार आहेत. तू मला जे बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

मोहियोद्दीन


उरण,
३ एप्रिल १९४६

मोहियोद्दीन,

तार आधी मिळाली. तार आली म्हटल्यावर मला वाटलं, आता आई. हेडक्लार्कांनी लखोटा पुढे केला, मी हात मागे घेतला. म्हणालो, तुम्हीच वाचा. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "पालवे, तुमचा भाऊ घरी आहे." मग या माणसानं, ज्यानं आजवर मला अर्ध्या दिवसाची रजा सुखानं दिली नाही, त्यानं स्वतःच्या पैशानं सगळ्या हपिसाला पेढे वाटले.

घरी गेलो. रतन चुलीपाशी होती.  मी तार तिच्या हातात दिली. तिला इंग्रजी येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून ती समजली. तिनं तवा उतरवला आणि खाली बसून रडली. दहाव्याला रडली नव्हती ती. माझ्यासाठी आवरून धरलं होतं तिनं.

तुला काय बोलू? तार मिळाल्यावर तासभर मला तुझा राग आला. मग तुझं नऊ तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. रफार तुझा चुकला हे खरं. पण मी निंबोणीचाच ना? दरा हा शब्द मी आईच्या दुधाबरोबर प्यालो. भीमा सात वर्षांचा असताना मीच त्याला त्या दऱ्यात उतरायला शिकवलं. तुझ्या सबंध पत्रात दऱ्याशी जुळणारंही सगळं होतं: कोणी हात लावू शकत नाही, शोध करू नको, आई गाव गोळा करील. मी एकदाही तसं वाचलं नाही. सकाळी उठलं की समोर पाणी, रात्री कानात पाणी, आणि त्या मद्रासी पोरानं सांगितलेली ती उडी. मला जे भय होतं तेच मी तुझ्या अक्षरात वाचलं.

नाखव्याला सांगायला गेलो. तो जाळं विणत होता. ऐकून घेतलं, मान हलवली. हातातली गाठ पुरी केली. नंतर म्हणाला, "बरा झाला. एकाचा तरी आला." मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

आता तुम्हा सगळ्यांच्या कामाचं. काल मी धीर करून पुन्हा मुंबईला गेलो. या वेळी फाटकावर अडवलं नाही, आतल्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाला सरळ विचारलं, असा असा माझा भाऊ, त्याच्यावर काय आहे? त्यानं कागद चाळले. म्हणाला, पुढारी होते त्यांना अटकेत ठेवलं. बाकीच्या शेकडो पोरांना नोकरीवरून कमी करून घरी पाठवलं, त्यात तुमचा भाऊ आला. पगार बुडाला. पुन्हा सरकारी नोकरी नाही. "आणि पकडायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "कोणाकोणाला पकडणार? जा, त्याला सांगा, दाढी करायला हरकत नाही." त्याला दाढीचं कसं कळलं कोण जाणे. बहुधा सगळेच भाऊ तसेच सापडत असावेत.

तेव्हा भीमाला सांग, त्याच्या मागे कोणी नाही.

वीस तारखेनंतर रजा मिळते आहे. तोवर एक काम कर. मला झोप लागत नाही, दुःखानं नव्हे, पण लागत नाही, आणि तो एक शब्द डोक्यात फिरत राहतो. दरा हा आला कुठून? दरी तर संस्कृत आहे. मग हा दरा कोणाचा? आणि दर्या त्याच्या इतका जवळ येऊन का बसला? नगरला तुझे आजोबा, बाबाजान, मौलवी आहेत, त्यांना विचारून बघ. भाऊ गमावून परत मिळवला त्या शब्दाची कुळी तरी कळू दे.

तुझा
राधाकृष्ण


निंबोणी,
१३ एप्रिल १९४६

राधाकृष्णा,

तुझं पत्र मी भीमाला वाचून दाखवलं. मागे कोणी नाही, हे वाक्य त्यानं मला पुन्हा वाचायला लावलं. मग उठून आत गेला. मावशी म्हणाल्या, आत जाऊन कोनाड्याकडे तोंड करून उभा राहिला होता. संध्याकाळी न्हाव्याकडे जाऊन आला. आता ओळखू येतो, पण वाळला आहे.

उडी टाकल्यावर काय झालं ते त्यानं सांगितलं. भिंतीखाली ओहोटीचा चिखल होता. पाणी नव्हतंच. चिखलातून सरपटत तो गोदीच्या बाजूला निघाला, एका हमालानं त्याला लुंगी दिली, आणि कल्याणपर्यंत मालगाडीच्या डब्यात. तू ज्या समुद्रात त्याला शोधत होतास, त्यानं त्याचे पायसुद्धा नीट भिजवले नव्हते.

आता तुझा शब्द.

बाबाजानांकडे गेलो. नव्वदीला टेकले आहेत, ऐकू कमी येतं, पण फारसी विचारली की डोळे उघडतात. ते म्हणाले, "दर्रा आमचा. फारसीत दर्रा म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी जागा, वाट जाईल एवढी. बादशाही फौजांबरोबर आला आणि तुमच्या तोंडी दरा झाला." मी दर्याचं विचारलं. म्हणाले, "दर्याही आमचाच, पण त्याचा याच्याशी नातेसंबंध नाही. दिसायला सारखे, एवढंच. बाजारात दोन परकी माणसं एकासारखी एक दिसतात तसं."

तिथून हायस्कुलातल्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांकडे गेलो. ते पान लावत होते. म्हणाले, "छे छे. दर आणि दरी आमच्याकडे वेदकाळापासून. दॄ धातू, अर्थ फाडणे. पाण्यानं डोंगर फाडला, ती दरी. मोठी ती दरी, अरुंद तो दरा. आणि मास्तर, दर शब्दाचा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे, भय."

मला चैन पडेना. परत बाबाजानांकडे गेलो आणि शास्त्रीबुवांचं म्हणणं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. वाटलं, चिडतील. ते बराच वेळ बोटांवर काही मोजत बसले. मग म्हणाले, "फाडणे म्हणाले का ते? आमच्यातही दरीदन म्हणजे फाडणे." आणि हसायला लागले. म्हणाले, "त्यांना सांग, दोघांचं पीठ एकाच जात्यातलं दिसतं. फार जुनं जातं. कोणी आधी दळलं ते आता कळायचं नाही."

शास्त्रीबुवांना हे सांगितलं तर ते म्हणाले, संभव आहे. पान थुंकून पुन्हा म्हणाले, संभव आहे. एवढ्यावर दोघांची सही झाली असं समज. हल्ली नगरच्या बाजारात लोक एकमेकांकडे ज्या नजरेनं बघतात, त्यात मला हे ऐकून बरं वाटलं, हे तुझ्याजवळ लिहितो.

आपल्या गावात तर कोणी एवढा विचार करत नाही. गनीभाईंना विचारलं, दरी आणि दरा यांत फरक काय? ते म्हणाले, दरी बघायची, दऱ्यात शिरायचं. भीमाला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, मला त्या शास्त्रीबुवांचंच खरं वाटतंय. भ्या." मग म्हणाला, पहिले आठ दिवस एक पान पडलं तरी तो जाळीत शिरायचा. नंतर मात्र गनीभाईंच्या शेळ्या ओळखीच्या झाल्या, त्यांची व्यायची वेळ आली, आणि एका शेळीची अडचण झाली तेव्हा भीमानंच करडू सोडवलं. त्या दिवसानंतर भ्या गेलं, असं तो म्हणतो. अजून ते करडू त्याच्या मागे येतं.

एक सांगून ठेवतो. तो घरात पाठ भिंतीला लावूनच बसतो. दार वाजलं की आधी मागच्या खिडकीकडे बघतो. मावशी त्याला काही बोलत नाहीत, पण हल्ली त्याच्या पुढ्यात सतत काहीतरी काम टाकतात, शेंगा, सुतळी, हुलगे. तू आलास की रागावू नको. तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

मावशी शेजारीच बसल्या आहेत, म्हणतात माझंही लिहा. त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितो:

"राधाकिसना, तू दहावा घातला त्येचा मला राग न्हाई. तुला वाटलं ते तू केलं. पर परत असं काय वाटलं तर आदी हितं येऊन बगायचं. कागदावर रडायचं न्हाई. रतनला आन. येताना मीठ आन, हितलं खडं लई काळं येतंय. भीमा बरा हाय. जेवतोय. मी बगती हाय."

मोहियोद्दीन


उरण,
९ मे १९४६

मोहियोद्दीन,

आम्ही सुखरूप पोचलो. मोटार वांबोरी फाट्यापाशी बंद पडली, पण गाडी मिळाली. रतनला तुझ्या अम्मीनं दिलेली चटणी वाटेतच अर्धी संपली.

पंधरा दिवस तू आणि मी रोज भेटलो, तरी एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. तोंडानं सांगता आली नसती म्हणून लिहितो.

गावात आलो त्या दिवशी मी काहीतरी ठरवून आलो होतो. भीमाला जवळ घेईन, असं म्हणेन, तसं म्हणेन. तू पाहिलंसच काय झालं ते. तो पाया पडला, मी म्हणालो, वाळलास, तो म्हणाला, तू पण, आणि मी पिशवीतलं मीठ आईला दिलं. मग लोक आले. दिवस तसेच गेले. शेताचं बोललो, त्याच्या पुढच्या कामाचं बोललो. नगरच्या रेडिओवाल्यानं त्याला दुकानात घ्यायचं कबूल केलं, त्या दिवशी तो आमच्यात पहिल्यांदा मोकळा हसला. पण मी त्याला हात लावला नव्हता. मला धीर होत नव्हता. ज्याची दर्भाची आकृती मी माझ्या हातानं जाळली, त्याच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा, ते मला कळत नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशीची दुपार. ऊन रणरणत होतं. जेवणं झाली होती. भीमा लिंबाखाली घोंगडीवर आडवा झाला होता, तोंडावर उपरणं घेऊन, हात छातीवर. पाठ भिंतीला लावलेली नव्हती, भिंत तिथून चांगली लांब होती. ते माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी फक्त ते उपरणं पाहिलं. पांढरं होतं. ते हलत नव्हतं. मी ओसरीवरून उतरलो, जवळ गेलो आणि वाकून बघत राहिलो. वारा पडला होता. मला काहीच हललेलं दिसेना. मी उपरण्याचं टोक उचललं.

त्याचे डोळे उघडेच होते. म्हणाला, "दादा, रोज दुपारी येऊन बगतोस तू."

उपरण्याचं टोक माझ्या हातातच होतं.

त्यानं माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला, हुलग्याच्या पोत्यावर ठेवावा तसा, दाबून. म्हणाला, "हाय मी. नीट बग. आन मग नीज जरा."

मी तिथेच त्याच्या घोंगडीवर आडवा झालो. हात त्याच्याकडेच राहिला. मार्चपासून मला अशी झोप लागली नव्हती. दिवेलागणीला आईनं येऊन दोघांच्या अंगावरचा पाला झटकला आणि म्हणाली, उठा, चहा झालाय.

राधाकृष्ण